त्याच पत्त्यावर तेच गाठोडं

मला भिंती नाहीत, छप्पर नाही, दारही नाही. मित्रांनो, मी नुसता पत्ता आहे, आणि तोही जुना झालेला. गल्ली आणि घरनंबर असलेला पत्ता नव्हे. कॉम्प्युटरवर टाइप करतात तसला, मध्ये तिरप्या रेघा आणि टिंबं असलेला. कोणी मला हाक मारली की मी एका गाठोड्याकडे बोट दाखवतो. माझं सगळं काम एवढंच.

पण बोट दाखवणाऱ्याची एक पंचाईत असते. मी जिथे जिथे लिहिलेला असतो तिथलं मला दिसतं आणि ऐकू येतं. ज्याच्याकडे बोट दाखवतो ते मात्र दिसत नाही. गाठोडं अजून जागेवर आहे का, कोणी उचललं का, कोणी उलगडून पाहिलं का, मला कळायला मार्ग नाही. त्यामुळे चैन कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. हाक आली की मी दचकतो, आणि बरेच दिवस आली नाही की जास्तच दचकतो.

माझ्या गाठोड्यात एक प्रोग्रॅम आहे. तयार बसवलेला नव्हे, त्याचा मूळ मजकूर; म्हणजे एका बाईने स्वतः विचार करून लिहिलेल्या ओळी. साधा मजकूर दिला की तो ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांत बदलून देतो, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना तो बोटांनी वाचता येतो. असे प्रोग्रॅम आधीही होते. पण गणित आलं की ते गडबडत.

ती बाई एका प्रयोगशाळेत काम करायची. धातूच्या कांड्या तापल्यावर किती वाढतात ते मोजायची. तिची मावशी तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणायची, कारण मावशीचं शिवणाचं दुकान होतं आणि ही पोरगी दुकानातली टेप घेऊन मांजरापासून दाराच्या फटीपर्यंत सगळं मोजत सुटायची. पुढे मावशीची दृष्टी हळूहळू गेली. दुकान दुसऱ्याने घेतलं. मावशी ब्रेल शिकली.

"आयुष्यभर बोटांना टोचून घेतलं," ती म्हणायची, "आता टोचलेलं वाचायची पाळी आली."

एके दिवशी तिने शिवणाच्या पुस्तकाचं ब्रेलमधलं एक पान मोजपट्टीपुढे आपटलं. मूळ पुस्तकात होतं दोन पंचमांश मीटर कापड. ठिपक्यांत दोन आणि पाच यांच्यामधली रेघच गळून गेली होती.

"पंचवीस मीटर कापडाचं झबलं," मावशी म्हणाली. "कुणाला शिवू? हत्तीला?"

मोजपट्टी हसली नाही. ती पान घेऊन गेली आणि कामाला लागली. रोज संध्याकाळी ती काहीतरी लिहायची, छापून आणायची, मावशी त्यावरून बोट फिरवायची. बोट मध्येच थांबलं की मोजपट्टीचा श्वासही थांबायचा. "इथे खटकतंय," मावशी म्हणायची, आणि मोजपट्टी परत मागे जायची. असं करता करता अपूर्णांक बसले, घातांक बसले, वर्गमूळ बसलं. कागदावरून बोट न अडखळता शेवटापर्यंत गेलं, त्या दिवशी मोजपट्टीने सगळं गाठोड्यात बांधलं आणि माझ्या नावाचा विचार करायला घेतला.

तिने त्याला इतका वेळ लावला, की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चिडवलं, "एवढा विचार मी मुलीचं नाव ठेवतानाही केला नव्हता."

"तुझी मुलगी हरवली तर स्वतः सांगेल, मी इथे आहे म्हणून," ती म्हणाली. "हे गाठोडं सांगणार नाही."

तिने माझ्यात विभागाचं नाव घातलं नाही, कारण विभागांची नावं बदलतात. स्वतःचं नाव घातलं नाही, कारण माणूस नोकरी सोडतो. फक्त प्रोग्रॅमचं नाव आणि त्याच्या आवृत्तीचा आकडा.

"मग मावशीचं तरी घाल," सहकारी म्हणाला.

"मावशीचं नाव आत आहे ना. आभारात."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आभाराची फाइल तिने केली होती. प्रयोगशाळेचे आभार मानले होते, सहकाऱ्याचे मानले होते. मावशीची ओळ सर्वांत छान व्हायला हवी म्हणून शेवटी लिहायची ठेवली, आणि शेवटी ती राहूनच गेली.

*

आता मला दुसऱ्या एका घरात न्यायचं आहे तुम्हाला.

जगात काही माणसं अशी असतात, जी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम इतरांपर्यंत नीट पोचवायचं काम अंगावर घेतात. कोणी सांगितलेलं नसतं, पगारही नसतो. असाच एक गृहस्थ दूरच्या शहरात बस आगारात वेळापत्रकं बसवायचं काम करी आणि घरी आला की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसे. त्याच्या बायकोने त्याला नाव ठेवलं होतं सांभाळकर, आणि तेच त्याने त्याच्या वेबपानावरही लावलं होतं.

"जगाचे प्रोग्रॅम सांभाळतोस," ती म्हणायची, "आणि घरातला नळ महिनाभर गळतोय, तो कोण सांभाळणार?"

"नळाला आवृत्ती नसते गं," तो म्हणायचा.

"नळाला वायसर असतो."

सांभाळकरने माझ्या गाठोड्यासाठी एक कृती लिहिली. स्वयंपाकाची असते तशीच, फक्त ती कॉम्प्युटर वाचतो. या पत्त्यावर जा. तिथलं गाठोडं आण. त्याचा ठसा तपास. जुळला तर सोड, आतल्या ओळींचा प्रोग्रॅम बांध, बसव. त्या कृतीत पहिल्याच ओळीत मी होतो. त्यामुळे मला ते टेबल, तो गळणारा नळ आणि त्या दोघांची भांडणं सगळं नीट माहीत झालं.

ठसा म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढची सगळी धावपळ त्यापायी झाली. गाठोड्यातल्या प्रत्येक अक्षरावर, प्रत्येक मोकळ्या जागेवर एक गणित चालवतात आणि शेवटी आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळते. तो त्या गाठोड्याचा ठसा. आत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठसा थोडासा नव्हे, पार ओळखू न येण्याइतका बदलतो. सांभाळकरने पहिल्यांदा गाठोडं आणलं, उघडून ओळ न् ओळ वाचलं, आणि मग त्याचा ठसा कृतीत लिहून ठेवला.

"आणि कधी जुळला नाही तर?" बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचत विचारलं.

"तर थांबायचं."

"एवढंच?"

"एवढंच. सिग्नल लाल दिसला की ड्रायव्हर आधी थांबतो. का लाल आहे ते मग विचारतो."

त्या कृतीच्या जोरावर मी कुठे कुठे पोचलो. सर्वांत आवडीची जागा म्हणजे अंध मुलांच्या एका शाळेतली छपाईची खोली. तिथल्या बाईंनी मला लाल स्केचपेनने कागदावर लिहिलं आणि तो कागद प्रिंटरवरच्या भिंतीला चिकटवला. ब्रेलचा प्रिंटर शाई लावत नाही, मित्रांनो. तो जाड कागदाला मागून ठोसे मारतो. त्याचा आवाज असा, की छपाईच्या बाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या आणि प्रिंटर बंद असतानाही ती सवय जायची नाही.

तिथे आठवीतली एक मुलगी यायची. मैत्रिणी तिला फटकळ म्हणत, आणि ती म्हणे, नाव बरोबर आहे. छापलेला कागद गरम असतानाच तिला हवा असायचा.

"आधी परीक्षेत गणितं वाचून दाखवायचे," ती बाईंना सांगायची. "वाचून दाखवलेला अपूर्णांक हवेत जातो. वर काय होतं ते खाली येईपर्यंत विसरायला होतं. परत विचारलं की वाचणारे सर उसासा टाकतात."

"आणि आता?"

"आता तो बोटाखाली बसून राहतो. मी उसासा टाकते, तो टाकत नाही."

मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी. पण शाबासकी मिळाली म्हणून जीव स्वस्थ होतो असं नाही. उलट कोणाला आपली गरज आहे हे कळलं की धाकधूक वाढते.

आणि ती उगीच नव्हती. मधल्या काळात मोजपट्टीच्या संस्थेने वेबसाइट नवी करायला घेतली. सजावट करणाऱ्या गृहस्थांना जुने पत्ते कुरूप वाटले. त्यांनी सगळं सामान नव्या कपाटांत हलवलं आणि आम्हा जुन्या पत्त्यांना तसंच सोडून दिलं. हाका येत होत्या, मी बोट दाखवत होतो, आणि हाक मारणाऱ्याच्या पडद्यावर उमटायचं 'असं पान नाही' एवढंच. परत जाणाऱ्यांना मी काही सांगूही शकत नव्हतो.

मोजपट्टी त्या गृहस्थांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पाटी लावा," ती म्हणाली. "जुन्या पत्त्यावर येईल त्याला आपोआप नव्या जागी नेणारी."

"बाई, कोण येतं हो इतक्या जुन्या पत्त्यावर?"

"जो येतो तो सांगून येत नाही."

पाटी लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, पुढे जे झालं ते निष्काळजी माणसाच्या हातून झालेलं नाही. माझ्यासाठी एवढं भांडलेल्या बाईच्याच हातून झालं.

*

मावशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय झालेलं, शस्त्रक्रिया मोठी, डॉक्टरांनी मोजपट्टीला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मोजपट्टी मावशीची पिशवी आवरत होती, तेव्हा मावशी सहज म्हणून गेली, "तुझ्या त्या गाठोड्यात माझं नाव आहे ना गं? कोणी शोधलं तर सापडेन ना मी?"

"आहे की," मोजपट्टी म्हणाली. आणि घरी येऊन खात्री करायला तिने ती फाइल उघडली.

आत मावशीचं नाव नव्हतं. मग तिने ओळ लिहिली: 'आणि माझ्या मावशीचे आभार, निवृत्त शिंपीण, जिच्या बोटांनी यातली प्रत्येक चूक शोधली.' तेवढीच ओळ. प्रोग्रॅमच्या एकाही अक्षराला तिने हात लावला नाही. नवी आवृत्ती काढायची म्हणजे नवा आकडा, नवा पत्ता, सगळ्या चाचण्या, सगळ्यांना कळवणं. एका ओळीसाठी एवढा घाट घालायला वेळ कुठे होता? आणि तिला ती ओळ पुढच्या गाठोड्यात नको होती, ह्याच गाठोड्यात हवी होती. मावशीला दिलेला शब्द ह्या गाठोड्याबद्दल होता. तिने ते पुन्हा बांधलं आणि त्याच जागी ठेवलं. जुनं पुसलं गेलं, नवं त्याच्यावर बसलं.

तिच्या पडद्यावर मी लिहिलेला होतो. सगळं बघत होतो. मला एवढंच कळलं की आता ठसा तो राहिला नाही. मला ओरडायचं होतं. पण पत्ता ओरडत नाही.

तिने लॅपटॉप मिटला आणि ती दवाखान्यात गेली.

छपाईच्या खोलीतला कॉम्प्युटर नेमका त्याच आठवड्यात गेला. धूर नाही, आवाज नाही. सकाळी बाईंनी बटण दाबलं आणि तो उठलाच नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. गणिताचा पेपर अजून ठिपक्यांत उतरायचा होता. शाळेने घाईघाईने दुसरा कॉम्प्युटर आणून दिला. बाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे एक नजर टाकली, सांभाळकरची कृती चालू केली आणि त्या चहा आणायला गेल्या. परत आल्या तर पडद्यावर एक ओळ: ठसा जुळत नाही. काम थांबवलं आहे.

त्यांनी पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग त्यांनी सांभाळकरच्या पानावर तक्रार लिहिली, आणि खाली फोन नंबर. सांभाळकरने जेवणाच्या टेबलावरून फोन केला.

"अहो, आमचे कॉम्प्युटरचे सर म्हणतात ती तपासायची ओळ खोडली की चालतं," बाई नेहमीप्रमाणे ओरडून म्हणाल्या.

"चालतं," सांभाळकर म्हणाला. "मी खोडणार नाही. तुम्हीही खोडू नका."

"पण काय होणार आहे एवढं?"

"कदाचित काहीच नाही. कदाचित कोणीतरी आत भलतंच काही घुसवलं असेल. बाई, एक सांगा. पेपरातल्या एखाद्या अपूर्णांकाची रेघ गेली, तर कागद बघून तुम्हाला कळेल?"

"मला नाही कळणार," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच हळू आवाजात. "मुलांना कळेल. पण परीक्षेला बसल्यावर."

"म्हणून थांबायचं."

मित्रांनो, त्या वेळची माझी तगमग मी कशी सांगू? मला माहीत होतं की आत कोणी चोर शिरलेला नाही. एक शिंपीण शिरली आहे, तीही आभाराच्या फाइलीत. सांगता आलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. आणि तरीही मला आतून कळत होतं की सांभाळकरचं बरोबर आहे. त्याला कसं कळावं की हा बदल मायेचा आहे? ठसा एवढंच सांगतो, की हे ते नव्हे. का नव्हे, ते ठशाला ठाऊक नसतं.

त्याने मोजपट्टीला मेल लिहिला. मग दुसरा. दोन्हींत मी लिहिलेला होतो, त्यामुळे मी तिच्या फोनमध्ये जाऊन पोचलो. आणि तिथे काय? अंधार. फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकलेला, पर्स दवाखान्याच्या बाकाखाली. वरून आवाज येत होते. मोजपट्टी नर्सला विचारत होती, अजून किती वेळ. नर्स म्हणत होती, बसून घ्या, पाणी प्या. एवढ्या जवळ होतो मी तिच्या. पर्समधल्या किल्ल्यांना आणि चष्म्याच्या घराला चिकटून पडलो होतो, आणि दुसरीकडे भिंतीवरच्या कागदातून बघत होतो, की फटकळ छपाईच्या खोलीत येऊन उभी आहे.

"आवाज का नाही येत?" तिने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

"म्हणजे सर वाचून दाखवणार?"

"बघू गं."

"बघू म्हणजे वाचून दाखवणार," फटकळ म्हणाली. ती प्रिंटरच्या थंड झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग गेली.

*

"प्रोग्रॅम पोचवणाऱ्या मोठ्या गटांकडे प्रत्येक गाठोड्याची स्वतःची प्रत असते," सांभाळकर बायकोला सांगत होता. "आमचा गट लहान. जागा नाही. मी पत्त्यावर भरवसा ठेवला."

"म्हणजे लिहिणाऱ्या बाईंचं उत्तर नाही, आणि जुनं गाठोडं दुसऱ्या कुणाकडेच नाही?"

"नाही."

बायको नळाखालचं भांडं बदलत होती. "ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांच्याकडे?"

"ते बसवून झालं की लोक पुसून टाकतात."

"तुझ्या त्या बाई पुसत असतील? आवाजावरून तरी त्या काही टाकून देणाऱ्यातल्या वाटत नाहीत. फोन तेवढा मोठ्याने असतो, मला इथपर्यंत ऐकू येतो."

मग त्याने फोन लावला.

"बाई, जुना कॉम्प्युटर भंगारात दिलात?"

"छे हो. झाडाची कुंडी ठेवलीये त्याच्यावर."

"कुंडी उतरवा. झाकण काढायचं आहे."

"अहो, मी ब्रेल छापते. कॉम्प्युटरची चिरफाड नाही करत."

"चिरफाड नाही, नुसतं उघडायचं. मागचे स्क्रू काढा."

"स्क्रूड्रायव्हर सुताराकडे आहे आणि सुतार रजेवर. सुरीचं टोक चालेल?"

"चालेल. पण हात सांभाळा."

"सांभाळकर तुम्ही. माझ्यावर कशाला ढकलताय?"

कॉम्प्युटर मेला म्हणून त्याची डिस्क मेलेली असते असं नाही. पण नसते असंही नाही. बाईंनी ती सोडवली, फडक्याने पुसली आणि सांभाळकर सांगत गेला तशी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात लावली. भिंतीवरून मी बघत होतो. डिस्क आधी गप्प. मग तिने किरकिर केली. मग पडद्यावर जुने फोल्डर एकेक करून उठले. आणलेली गाठोडी ठेवायच्या खणात बाईंनी शाळेच्या सहलींचे फोटोसुद्धा ठेवले होते. त्यांच्यामध्येच ते होतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "नाव तेच आहे."

"नावावर जाऊ नका. ठसा काढा आणि मला वाचून दाखवा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्या एकेक अक्षर उच्चारत होत्या, इकडे सांभाळकर कृतीतल्या ओळीवरून बोट सरकवत होता. मी दोन्हीकडे होतो. बोट सरकत गेलं, अडखळलं नाही, शेवटापर्यंत गेलं.

"जुळला," तो म्हणाला. "बसवा."

संध्याकाळी छपाईच्या खोलीतून तो आवाज पुन्हा सुरू झाला, कानठळ्या बसवणारा, आणि मला वाटलं, याच्याइतकं गोड जगात काही नसेल. पेपर छापून कुलुपात गेला. त्यामुळे फटकळला गरम कागद मिळाला नाही. ती दाराबाहेर उभी राहून नुसता आवाज ऐकत होती. मग म्हणाली, "ठीक आहे," आणि अभ्यासाला गेली.

*

सांभाळकरने मग बाईंकडून जुनं गाठोडं मागवलं आणि दोन्ही गाठोडी शेजारी शेजारी ठेवून कॉम्प्युटरला विचारलं, फरक काय? उत्तरात एक ओळ आली. त्याने ती वाचली. बायकोला बोलावून वाचून दाखवली.

"भलतंच घुसवलंय म्हणे," बायको म्हणाली.

एव्हाना पर्स उघडली गेली होती. शस्त्रक्रिया पार पडली होती, मावशी शुद्धीवर येऊन उशीबद्दल तक्रार करत होती, आणि मोजपट्टीने मेल वाचले होते. तिनेच फोन केला.

"माझी चूक झाली. मी फक्त आतल्या अर्थाचा विचार केला. प्रोग्रॅम तोच होता, म्हणून गाठोडं तेच आहे असं धरून चालले."

"होतं असं," सांभाळकर म्हणाला. "जुनं परत ठेवा, म्हणजे झालं. सगळ्यांच्या कृती पुन्हा चालतील."

मोजपट्टीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई?"

"जुनं नाही माझ्याकडे. त्याच्यावरच ठेवलं मी नवं."

"ती ओळ काढून परत बांधलं तर?"

"गाठोड्यात फाइलींच्या वेळाही बांधल्या जातात, त्या वेगळ्या पडतील. ठसा तिसराच येईल." ती मोजणारी बाई होती, हे तिला समजवावं लागलं नाही. "ते गाठोडं आता जगात नाही."

"आहे," सांभाळकर म्हणाला. "एका कुंडीखाली होतं."

खाटेवरून मावशी विचारत होती, कुणाची कुंडी, कसली कुंडी. मोजपट्टीने सगळं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं.

"माझ्यापायी पोरांचा पेपर अडला?"

"तुझ्यापायी नाही. माझ्या घाईपायी."

"मग काढ मला तिथून. जिथे पोरं गाठोडं न्यायला येतात तिथे आपण मध्ये बसायचं नाही."

छपाईच्या बाईंनी ते गाठोडं मोजपट्टीला पाठवलं. माझ्याकडूनच कधीतरी गेलेलं, एका बंद पडलेल्या डिस्कवर सहलीच्या फोटोंत झोपलेलं, ते माझ्याकडे परत आलं. मोजपट्टीने ते जागेवर ठेवलं आणि या वेळी स्वतः ठसा काढून पडताळला. मग आभाराची ओळ असलेलं गाठोडं तिने नवा आकडा देऊन, नवा पत्ता देऊन, सगळ्यांना कळवून वेगळं ठेवलं. माझ्या शेजारी मला एक धाकटा भाऊ झाला. सांभाळकरने दोन्ही गाठोड्यांच्या प्रती घ्यायला सुरुवात केली. बायको म्हणते, नळाचा वायसरही बदलला. ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण टेबल आता दुसऱ्या खोलीत आहे.

बाईंनी आभाराचं ते पान ठिपक्यांत छापून दवाखान्यात पाठवलं. मोजपट्टीने ते मावशीच्या हाताखाली ठेवलं. मावशीचं बोट ओळीवरून निघालं, मध्येच थांबलं.

"निवृत्त?" ती म्हणाली. "निवृत्त कोण? मी अजून रफू करते."

मोजपट्टीचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

"आता नाही बदलायचं, मावशी. ते गाठोडं बांधून झालंय. पुढच्यात घालते."

"पुढचं कधी निघणार?"

"तू चालायला लागलीस की. तपासणार कोण दुसरं?"

मावशीने पान उशीखाली ठेवलं आणि नर्सला विचारलं, चालायला कधीपासून लावता.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी काहीतरी बनवाल आणि लोकांसाठी कुठेतरी ठेवाल. ठेवलंत की तिथे मागच्या मागे काही बदलू नका, कितीही लहान असलं तरी, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. बदल हवाच असेल तर शेजारी नवी जागा करा, आणि जुनी तशीच राहू द्या. तुमच्या भरवशावर कोण कुठे बसलं आहे ते तुम्हाला दिसत नसतं. मलाही दिसत नाही. दिसतं ते फक्त काही भिंतींवरून आणि काही टेबलांवरून.

भिंतीवरचा कागद आता पिवळा पडलाय. लाल अक्षरं फिकट झालीत. नवीन माणसं धाकट्याकडे जातात आणि ते बरोबरच आहे. पण जुन्या कृती अजून कुठे कुठे चालतात, आणि माझा दचकायचा स्वभाव काही गेलेला नाही. आत्ता, हे सांगता सांगताच, कोणीतरी हाक मारली. मी बोट दाखवलं आहे. तिकडे कोणीतरी ठसा तपासत असेल.

थांबा जरा. जुळतोय का बघू.